गोटी कुठे जाते

बाईंनी उकडलेलं अंडं ओट्याच्या कडेवर हलकेच आपटलं, पण आज हाताचा अंदाज चुकला. कवचाला बारीक तडे जाण्याऐवजी अंडं एका बाजूने पार चेपलं आणि आतलं पांढरं त्यांच्या बोटांना लागलं.

"बाई, तुमची पृथ्वी गेली," मागच्या बाकावरून जाड्या म्हणाला आणि सगळं स्वयंपाकघर खदखदून हसलं.

"गेली तर गेली. अजून अठरा आहेत."

"सतरा," शेगडीपाशी उभा असलेला आचारी म्हणाला. त्याला अख्खी शाळा मामा म्हणायची. "एक मी चाखून बघितली. आतून गरम आहे की नाही, ते बघायला नको?"

शनिवारी शाळेत जेवण नसायचं, त्यामुळे त्या दिवशी हे लांबलचक, तेलकट भिंतींचं स्वयंपाकघर भूगोलाच्या बाईंच्या ताब्यात असे. फळ्यावर पृथ्वीचं पोट काढून काढून हात दुखले तरी मुलांच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी त्या वर्ग घेऊन सरळ इथेच आल्या. तापलेल्या दुधावर साय धरताना मुलांनी पाहिली आणि पृथ्वीवर कवच कसं धरलं असेल ते त्यांना कळलं. कणकेचे तीन रंगांचे थर एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंनी दाबले आणि डोंगर उभे केले. साखरेचा पाक एकदा घाईने गार केला, एकदा आठवडाभर तसाच ठेवला, आणि खडे कुठे धरतात ते बघितलं. मुख्याध्यापकांनी आधी कपाळाला हात लावला, मुलं हात भाजून घेतील म्हणाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि तेव्हापासून ही कल्पना मुळात मुख्याध्यापकांचीच होती.

बाईंचा नियम एकच. तो त्यांनी घड्याळाखालच्या भिंतीवर स्वतः रंगवला होता: 'तारीख आणि वेळ नसेल तर ते निरीक्षण नाही, गप्पा आहेत.'

दुसरं अंडं उचलता उचलता बाईंनी दाराकडे पाहिलं. खरं तर सकाळपासून त्या दाराकडेच बघत होत्या. अंडं चेपलं ते त्यामुळेच. आता दारात मोजपट्टी उभी होती. तिच्या मागे तिची मावशी.

मोजपट्टी हे नाव मामाने ठेवलेलं. पोरगी दहा वर्षांची, पण खिशात कायम सहा इंची पट्टी, आणि दिसेल ते मोजायची खोड. एकदा तिने मामाची मिशी मोजली आणि डावी बाजू चार मिलिमीटरने आखूड आहे, असं भर वर्गात जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मामा उजवी बाजू कापून आला होता.

पाच महिन्यांपूर्वी, आठ दिवस पाऊस लागून राहिल्यावर, एका रविवारी पहाटे टेकडीचा उतार सुटला आणि पायथ्याची सहा घरं घेऊन गेला. त्यातलं एक मोजपट्टीचं. घरात आई आणि ती, दोघीच. मोजपट्टी त्या रात्री मावशीकडे झोपायला गेली होती. आई घरी होती.

हसणं मध्येच तुटलं. कुणी अंड्याकडे बघू लागलं, कुणी नखांकडे. 

"आलीस?" मामा म्हणाला. "बरं झालं बाई. पाच महिने मिशीकडे बघणारं कुणी नाही. चारचौघांत जायची लाज वाटते."

मोजपट्टीने मान तिरकी करून पाहिलं.

"उजवी," ती म्हणाली. "दोन मिलिमीटर."

"बघा! मी घरी सांगत होतो."

ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. जाड्याने त्याच्या पुढ्यातलं अंडं तिच्याकडे सरकवलं.

मावशी मात्र दारातच घोटाळत होती. ती बसथांब्यावरच्या तिकीट खिडकीत काम करायची आणि दिवसभर जाळीतून बोलून बोलून तिला मान पुढे करून बोलायची सवय लागली होती. बाई हात धुवायला नळाशी गेल्या, तशी ती जवळ आली.

"बाई, एक विचारू? वेळ घेत नाही तुमचा."

"विचारा ना."

"ती घरी कागद घेऊन बसते. आईची सही गिरवते. सगळी जमते, पण शेवटची शेपटी वर वळायची की खाली, तेवढं आठवत नाही म्हणते. मला विचारते. मला तरी कुठं आठवतंय? सख्खी बहीण, पण तिची सही कधी नीट पाहिलीच नाही हो मी." तिने आवाज खाली आणला. "परवा रडली. म्हणाली, मी आईचं अक्षर विसरत चाललेय."

बाईंनी नळ बंद केला नाही.

"घरातलं काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही. चिखलातून एक पातेलं निघालं. त्यावर कसलं अक्षर? इथं ऑफिसात विचारलं, तर प्रवेशाच्या फॉर्मवर आमच्या बाबांची सही. प्रगतिपुस्तक घरीच होतं. मग मला तुमची वही आठवली. दर आठवड्याला पालकांची सही लागायची ना त्यावर?"

"वह्या मी परत देते," बाई म्हणाल्या. "तपासून झाल्या की परत."

"हो, तेच. म्हटलं, चुकून राहिली असली तर."

"बघते. सापडली तर देते."

"बघा हं," मावशी म्हणाली. तिने एवढ्या विश्वासाने मान डोलावली की बाईंना तिच्याकडे बघवेना. बारा वाजता पोरीला न्यायला येते, असं सांगून ती गेली. बाईंनी नळ बंद केला आणि कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

वर्ग सुरू झाला. अंड्याला तडे कसे पाडायचे, कवचाचे तुकडे एकमेकांवर कसे सरकवायचे, एक तुकडा दुसऱ्याखाली गेला की वर काय होतं, हे बाई सांगत होत्या. बारा वर्षं सांगितलेलं होतं, जीभ आपली आपण चालत होती. मोजपट्टी वाकून तुकडे मोजत होती. जाड्याला इतका वेळ गप्प राहणं झेपत नसे.

"बाई, ट्रे कलवायचा धडा कधी? मैद्यावर साखर पसरून पाणी मारलं की सगळा उतार घसरतो तो. दादाच्या वर्गाला होता, मागच्या वर्गाला होता. आम्हालाच नाही?"

"या वर्षी वेळ नाही पुरणार," बाई म्हणाल्या.

"पण अजून चार महिने..."

"पुरणार नाही म्हटलं ना!"

आवाज चढला. मुलं दचकली. मोजपट्टीने पट्टीवरून नजर उचलून बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता की काही नव्हतं, नुसती वाट बघत असल्यासारखी नजर.

"मीठ आणते," त्या म्हणाल्या. "अंडी तशीच खाणार का?" आणि कोठीच्या खोलीत शिरून त्यांनी दार लोटून घेतलं.

मीठ खालच्या फळीवर होतं. बाईंचा हात वरच्या फळीकडे गेला. तिथे तुरटीचा निळा डबा होता. स्फटिकांचा धडा वर्षातून एकदाच, त्यामुळे एरवी त्या डब्याला कुणी हात लावत नसे. बाईंनी झाकण काढलं आणि आतून वही बाहेर काढली.

ट्रेच्या धड्याच्या आधी त्या दर वर्षी एक गृहपाठ द्यायच्या. आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात, फरशीवर मधोमध एक गोटी ठेवायची. रोज एकाच वेळी. गोटी कुठे जाते ते लिहायचं. जमीन सपाट असते हा मुलांचा समज मोडावा, एवढाच हेतू. बहुतेक मुलं दोन दिवस मनापासून लिहायची आणि उरलेले दिवस शनिवारी सकाळी अंदाजपंचे भरून काढायची. बाईंना ते कळायचं, आणि त्या तिकडे काणाडोळा करायच्या.

मोजपट्टीने एकही दिवस चुकवला नव्हता. पहिल्या आठवड्यात: गोटी जागेवर. जागेवर. जागेवर. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी: गोटी हलली, ओट्याच्या दिशेने, नऊ सेकंदांत भिंतीला. गुरुवारी सात सेकंद. शुक्रवारी पाच. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, प्रत्येकीपुढे संध्याकाळी सहाची वेळ.

ती वही शनिवारच्या वर्गात बाईंच्या हातात आली. त्याच संध्याकाळी त्या बत्तीस वह्या घेऊन बसल्या. ही उघडली आणि त्या हरखून गेल्या. बारा वर्षांत अशी नोंद कुणी केली नव्हती! लाल पेनाने त्यांनी पानभर चांदणी काढली, खाली लिहिलं 'शाब्बास, निरीक्षण असावं तर असं!', आणि पुढची वही ओढली. त्या पानाच्या तळाशी पालकांच्या सहीच्या जागी काही लिहिलेलं होतं, ते त्यांना दिसलं होतं. वाचलं नव्हतं. तिथे सगळे पालक 'पाहिले' एवढंच लिहितात.

उतार सुटला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. सोमवारी शाळेला सुट्टी दिली, तेव्हा बाईंनी घरी ती वही पुन्हा उघडली आणि तळाशी काय होतं ते वाचलं.

'बाई, गोटी आधी जागेवर राहायची, आता पळते. मी स्वतः बघितलं. घर कललं असेल का? काही काळजीचं आहे का? कृपया कळवा.' त्याखाली सही, शेवटच्या अक्षरातून निघून उजवीकडे लांब गेलेली, सुईतून सुटलेल्या दोऱ्यासारखी. आई लोकांचे कपडे शिवायची. बाईंच्या चांदणीचं एक टोक त्या मजकुरावरून गेलं होतं, 'काळजीचं' या शब्दाच्या डोक्यावरून.

आणि सहीखाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या.

चौकशीला साहेब आले. पाणी मुरलं, माती सुटली, आधी कळण्यासारखं काही नव्हतं, असं ते म्हणाले. तुम्ही मुलांना हेच शिकवता ना, तुमच्या कानावर काही आलं होतं का, असंही एकाने सहज विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. उलट सगळ्यांनी त्यांचीच समजूत काढली, आपल्या वर्गातल्या मुलीवर असं आलं म्हणून. त्या सहानुभूतीने बाई रोज थोड्या थोड्या मेल्या.

आता त्या वही चाळत होत्या. सह्या सगळ्या पानांवर होत्या, एकूण अकरा. पोरीला सहीच हवी होती ना? मग शेवटचं पान नसलं तरी चालण्यासारखं होतं. ते दिलं नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. फळीवर पोत्यांची शिवण उसवायची पाती होती. बाईंनी ती उचलली आणि पानाच्या मुळाशी टेकवली.

पण बाकीच्या दहा पानांवर नुसतं 'पाहिले' होतं. चार ओळींचं, सबंध वाक्यांचं आईचं अक्षर या जगात याच एका पानावर होतं. बाईंचा हात तिथेच थांबला. कापवेना आणि बाजूलाही करवेना.

"बाई, मीठ सापडलं का?"

मामा आत आला होता. त्याने वही पाहिली, पाती पाहिली, आणि पाठीमागे दार पुन्हा लोटलं.

"तो डबा मी दर महिन्याला पुसतो," तो म्हणाला. "तुरटी एवढी हलकी नसते."

"वाचलीत?"

"माझ्या चष्म्याचा नंबर तुम्हाला माहीत आहे. आणि दुसऱ्याची वही मी कशाला वाचू? वरचं नाव तेवढं मोठ्ठं लिहिलंय, ते दिसलं."

"मी त्या साहेबांना खोटं सांगितलं, मामा."

"मी चहा देत होतो तेव्हा. तुमचा कप तसाच राहिला होता." त्याने हात पुढे केला. "ती पाती द्या जरा. पोतं उघडायचंय."

शनिवारी कुठलंही पोतं उघडत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी पाती त्याच्या हातावर ठेवली. त्याने दुसऱ्या हाताने खालच्या फळीवरचं मीठ उचललं आणि तो बाहेर गेला. "चला रे, खाल्लं की टरफलं बागेत टाकायची! एकानेही इथं सांडलं तर भांडी घासायला बसवीन," असं त्याचं ओरडणं आत ऐकू आलं, मग बाकं सरकल्याचा आवाज, मग पावलं, मग शांतता.

बाई बाहेर आल्या तेव्हा स्वयंपाकघरात एकटी मोजपट्टी उरली होती. तिने अंडं खाल्लं नव्हतं. कवचाचा एक तुकडा तिने पट्टीवर ठेवला होता.

"सगळ्यात मोठा एकवीस मिलिमीटर," ती म्हणाली.

बाईंनी वही तिच्यापुढे ठेवली.

मोजपट्टीने कव्हरवरचं आपलं मोठ्ठं नाव वाचलं.

"ही घरी नव्हती?"

"माझ्याकडे होती. पाच महिने माझ्याकडेच होती. तुझ्या मावशीला मघाशी मी खरं सांगितलं नाही."

तिने बोटांना लागलेला कवचाचा चुरा फ्रॉकला पुसला आणि पहिलं पान उघडलं. सहीवर बोट ठेवलं. हळूच, शिवण चाचपडावी तसं बोट डावीकडून उजवीकडे नेलं.

"वर," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "बाई, वर वळते! मी खाली काढत होते."

पान उलटलं, पुन्हा सही, पुन्हा बोट. प्रत्येक पानावर ती थांबत होती. बाई समोर उभ्या होत्या, आणि त्यांना वाटलं, हे असंच चालू राहावं, वहीला शेवटचं पान येऊच नये. ते आलं. मोजपट्टीने चांदणी पाहिली, शाब्बास वाचलं, आणि मग तिची नजर खाली गेली. ओठ हलत होते. एकदा वाचून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं.

"गोटीचं बरोबर होतं?" तिने विचारलं.

"बरोबर होतं. प्रत्येक नोंद बरोबर होती."

"मला वाटलं, मी मोजायला चुकले." ती वहीकडेच बघत होती. "आई म्हणाली होती, काही असेल तर बाई कळवतील. कुणी काही कळवलं नाही, म्हणून आम्हाला वाटलं, काही नसेल. मी पण मावशीकडे गेले."

बाई समोरच्या बाकावर बसल्या.

"तू नाही चुकलीस. मी चुकले. मी तुझे आकडे वाचले, खूश झाले आणि वही मिटली. आईनं काय लिहिलंय ते वाचलंच नाही. नंतर वाचलं. सोमवारी."

"आधी वाचलं असतं तर?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. साहेबांचे शब्द हाताशी होते.

"तर त्याच संध्याकाळी आले असते," बाई म्हणाल्या. "आणि आईला घराबाहेर काढलं असतं."

बाहेर मुलांचा गलका चालला होता, जाड्याला कुणीतरी टरफलं मारत होतं. मोजपट्टीने पट्टी उचलली आणि आईच्या सहीखाली आडवी, नीट सरळ धरली.

"इथं आईनं दोन ओळी सोडल्यात," ती म्हणाली. "तुमच्या उत्तराला."

तिने आपलं पेन बाईंपुढे सरकवलं.

बाईंनी पेन घेतलं. त्यांनी लिहिलं: 'होय. घर कललं आहे. आजच्या आज बाहेर पडा.' खाली सही केली आणि वही पोरीकडे फिरवली.

मोजपट्टीने वाचलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वही पुन्हा बाईंकडे ढकलली.

"तारीख, बाई."

बाईंना एकच तारीख आठवत होती, त्या शनिवारची. त्यांनी पेन टेकवलं, आणि आजची तारीख घातली.

"वेळ?" त्यांनी विचारलं.

मोजपट्टीने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं.

"अकरा वाजून चाळीस मिनिटं," ती म्हणाली, आणि बाईंनी तेही लिहिलं.